धुऱ्यावर उभी राहणारी मावशी

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण माझ्या मावशीचं आहे. घरातल्या पहिल्या पदवीधरानं अशा वेळी आई-वडिलांचं नाव आधी घ्यावं अशी ऐकणाऱ्यांची अपेक्षा असते. मी घेत नाही. वडिलांनी मला शिकायला नागपूरला पाठवलं, मावशीनं मला तिथं टिकवलं, आणि दोन्हींत टिकणं जास्त अवघड होतं.

आमच्या नात्यात ही गोष्ट वेगळी सांगतात. मावशीला मोटरसायकलच्या रेसचा नाद होता, तिनं तो मला लावला, त्यापायी मी नापास झालो. मग वडील काटोलहून आले. मावशीनं भर मैदानात त्यांचा शर्ट फाडला, तरी त्यांनी मला ओढत घरी नेलं आणि म्हणून पोरगं शिकलं. लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे, वरणासोबत वाढल्यासारखी. यातलं मी नापास झालो हे खरं आहे आणि शर्ट फाटला हे खरं आहे. बाकी नाही. पण त्या शर्टावरून माझी माय तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी आजवर धड बोलली नाही. मावशी आता थकली आहे. तिच्या डोळ्यांदेखत हे सरळ व्हावं, म्हणून लिहितो आहे.

मावशी रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. हाडांचा वॉर्ड. काका लग्नानंतर लवकरच गेले, मूलबाळ नव्हतं. उत्तर नागपुरात तिच्या दोन खोल्या होत्या. बारावीनंतर मी काटोलहून लोखंडी पेटी घेऊन तिच्याकडे आलो, तेव्हा तिनं पुढच्या खोलीतली खिडकीजवळची जागा मला दिली आणि सांगितलं की घरात दोन कामं तुझी, पाणी भरणं आणि रविवारी माझ्यासोबत येणं. कुठं, ते सांगितलं नाही. मला वाटलं विहारात.

विहारात आम्ही सकाळी गेलोच. तिथून मात्र तिनं खापरखेड्याची बस धरली. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी ती उतरली आणि एका पडीक मैदानाकडे चालू लागली. तिच्या कापडी पिशवीत पोळ्या, लोणचं, पाण्याची बाटली आणि दवाखान्यातून आणलेला पट्ट्यांचा एक गुंडाळा होता. मैदानावर मुरमाचा लंबगोल रस्ता आखला होता. टँकरवाला त्यावर पाणी मारत होता. गाड्या म्हणजे जुन्या टू-स्ट्रोक, दिवे काढलेले, मडगार्ड काढलेले, सायलेन्सर अर्धा कापलेला. चालवणारे गॅरेजमधले मेकॅनिक, दूधवाले, वीज केंद्राच्या वसाहतीतली पोरं. प्रत्येकाच्या डाव्या बुटाच्या तळाला लोखंडी पत्रा ठोकलेला, कारण वळणावर गाडी आडवी झाली की तो पाय मुरमावरून घासत न्यायचा असतो.

पहिली रेस सुटली तेव्हा मी कान झाकले. मावशीनं माझे हात खाली ओढले. म्हणाली, "कान काहून झाकतं गा? अर्धी रेस आवाजातच असते."

तिला हा नाद वॉर्डात लागला होता. हात-पाय मोडून आलेली ही पोरं प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या एकमेकांना वळणं समजावून सांगत. उशीवर बोटानं रस्ता काढत. तिला राग यायचा. एकदा तिनं त्यातल्या एकाला विचारलं की हाड जुळायच्या आधी परत गाडीची भाषा कशी सुचते तुला. तो म्हणाला, सिस्टर, एकदा येऊन पाहा, मग रागवा. ती रागवायलाच गेली होती. पुढं कित्येक वर्षं थंडीच्या मोसमात ती जातच राहिली. मी तिला विचारलं, की दवाखान्यात रोज यांची मोडकी हाडं पाहतेस, सुटीच्या दिवशी पुन्हा हेच कशाला? ती म्हणाली, "पडलेले मले दवाखान्यात दिसतात. न पडता वळणारे कुठं दिसतात? त्यांच्यासाठी येतो मी इथं."

मैदानाला खुर्च्या नव्हत्या. खऱ्या शौकिनांची जागा एकच, दूरच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला. तिथं मुरमाचा उंच बांध घातला होता. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, म्हणून त्या बांधाला सगळे धुराच म्हणायचे. गाड्या तिथं आडव्या व्हायच्या आणि मागच्या चाकाचा मुरूम थेट अंगावर यायचा. संध्याकाळी परतताना आमच्या केसांत, कानात, डब्याच्या झाकणात मुरूम असायचा. धुऱ्यावर बाया मोजक्याच, आणि नऊवारी-पाचवारी सांभाळत बसणाऱ्या नव्हेत. मावशी पदर खोचून उभी राहायची. नवा माणूस कधी तिच्याकडे पाहून हसला तर जुने त्याला सांगायचे, "हसू नको बे, पडलास तर हीच बांधणार हाय तुले."

धुऱ्यावर एक शिस्त होती, आणि ती कुठं लिहिलेली नव्हती. गाडी पडली की खाली कुणी उतरायचं नाही. ओरडायचंही नाही. पडलेला माणूस स्वतः हात वर करेपर्यंत, नाहीतर झेंडेवाला रेस थांबवेपर्यंत, सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं. मागून येणाऱ्या गाड्यांना धुळीतून फक्त एक माणूस चुकवायचा असतो, तो पडलेला. मदतीला धावलेले चार लोक त्यांना दिसत नाहीत. हात वर गेला की मग धुरा असा गरजायचा की इंजिनांचा आवाज बुडायचा. बाहेरच्या माणसाला हा निर्दयपणा वाटे. मलाही पहिल्या वेळी वाटला होता.

आता माझ्या नापास होण्याचं. काटोलच्या शाळेत मी मराठीतून शिकलो आणि चांगला शिकलो. नागपूरच्या कॉलेजात गणित इंग्रजीतून धावत होतं. मागच्या बाकावर बसून मी फळा वहीत उतरवून घ्यायचो, पण त्यातलं डोक्यात काही उतरत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती, कारण प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा इथूनच अडचण होती. अख्ख्या कॉलेजात माझ्याशी बोलणारे दोघे-तिघे. आणि धुऱ्यावर? तिथं बँकेतला साहेब, ऑटोवाला, कोळशाच्या डेपोतला मुनीम आणि मी, आम्ही एकमेकांचे शब्द तोडून भांडायचो. आतली लाइन जवळची की बाहेरची वेगाची, यावर चहा थंड व्हायचा. मावशी बाहेरच्या लाइनची. तिचा आवडता चालवणारा वीज केंद्रातला एक बारीक फिटर होता. तो धुऱ्याला जवळजवळ घासून, भुसभुशीत मुरमातून गाडी काढायचा आणि बहुतेक वेळा दुसरा यायचा. लोक चिडवायचे, "सिस्टर, तुमचा माणूस पुन्हा हारला." ती म्हणायची, आतून जिंकणाऱ्याले रस्ता जिंकवते, माह्यावाला सोताच्या दमावर येते दुसरा.

एका रविवारी मुनीमानं मला अडवलं. तू सायन्सवाला ना, मग सांग, गाडी डावीकडे वळते तेव्हा हे लोक हँडल उजवीकडे काहून फिरवतात? मला सांगता आलं नाही. आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. शेवटी फिजिक्सच्या तासाला मी उभा राहिलो आणि मोडक्या इंग्रजीत सुरुवात करून मराठीत संपवलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावलं, गाडी आणि वळण काढायला लावलं, आणि घसरणारं मागचं चाक कुठं जातं, पुढच्याला कुठं बघावं लागतं, हे बाणांनी समजावलं. कॉलेजात मी विचारलेला तो पहिला प्रश्न. तो मला धुऱ्यानं दिला. रेसनं माझं शिक्षण बुडवलं म्हणणाऱ्यांना मी हा एकच प्रसंग सांगतो. ते म्हणतात, असेल, पण गणितात नापास झालाच ना. झालो. ज्या विषयात तोंड उघडायला मी उशीर केला त्यात झालो, रेसमुळे नाही.

निकालाची बातमी काटोलला पोचली. बाबा संत्र्याच्या बाजारात पेट्या भरण्याचं काम करायचे. आमच्या घरात शिक्षणाला पाण्याआधीचा मान. त्यामुळे त्यांचं दुःख मला कळत होतं, आजही कळतं. त्यांना कुणीतरी सांगितलं की पोरगं दर रविवारी मोटरसायकलच्या जुगारात असतं. जुगार नव्हता. काही लोक आपसांत चहाची पैज लावत, तेवढीच. पण बाबा पुढच्याच रविवारी निघाले. मावशीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं पत्ता सांगितला आणि ते विचारत विचारत मैदानावर आले. ठेवणीतला पांढरा शर्ट घालून आले होते, पोराला न्यायला जायचं म्हणून.

धुऱ्यावर चढून ते आमच्यापाशी उभे राहिले. मावशीला म्हणाले, "शिकवाले ठेवला होता ना वं तुह्यापाशी? हे शिकवून राहिली?"

मावशी म्हणाली की भाऊजी, ही रेस संपू द्या, मग घरी चहा घेऊ, बोलू. ती पुढं काय बोलणार होती ते राहूनच गेलं. वळणावर दोन गाड्या एकमेकींना लागल्या आणि आतल्या बाजूनं येणारा पोरगा आमच्या समोर आपटला. गाडी त्याच्या पायावर. साधारण माझ्याच वयाचा. धुरा गप्प झाला. बाबांनी ते पाहिलं, कुणीच हलत नाही हे पाहिलं, आणि ते धुऱ्यावरून खाली धावले.

त्यांची चूक नव्हती. तिथल्या माणसाखेरीज कुणीही हेच केलं असतं. मी नुसता पाहत राहिलो. मावशी मात्र त्यांच्या मागं उतारावर घसरत गेली आणि तिनं मागून त्यांचा शर्ट धरला, खांद्याला. सगळं वजन टाकून मागं ओढला. बाही खांद्यापासून टर्रकन फाटली, बाबा मुरमात पाठीवर पडले, ती त्यांच्या बाजूला पडली, आणि त्याच क्षणी मागच्या दोन गाड्या धुळीतून, बाबांचं पुढचं पाऊल पडलं असतं त्या जागेवरून गेल्या. धूळ खाली बसली तेव्हा पडलेल्या पोरानं हात वर केला होता. धुरा गरजला. बाबा अजून पाठीवरच होते.

उठल्यावर ते गुडघ्यापाशी पायजमा झटकत होते, मला वाटलं मुरूम लागला. म्हणाले, "माणसं हायेत का दगडं हायेत तुमी? पोरगं पडलं अन् कोणी हालून नाही राहिलं."

मावशीच्या कोपरातून रक्त येत होतं. तिनं आवाज चढवला नाही. "भाऊजी, पडलेल्याच्या अंगावर सारे धावले का तो मरते. तुमचं पोरगं एका विषयात पडलं. जराक थांबा. त्याले उठाले जागा द्या."

ते माझ्याकडे वळले. मला म्हणाले, सामान बांध. मी म्हणालो, मी येत नाही बाबा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हणालो होतो आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. त्यांनी फाटकी बाही दुमडून काखेत धरली आणि बस स्टॉपकडे निघून गेले. मी मागं गेलो, तर हातानंच परत फिर म्हणाले.

त्यांनी मला ओढून नेलं नाही. मी पदवी मिळेपर्यंत मावशीच्या खिडकीजवळच राहिलो. गणित पुढच्या खेपेला सुटलं, कारण मी फिजिक्सच्या त्याच सरांकडे गेलो आणि विचारायला लागलो. त्या हिवाळ्याच्या सुटीत चार दिवस घरी गेलो होतो. नातेवाइकांनी त्या चार दिवसांचं ‘ओढून आणलं’ केलं. बाबांनी स्वतः ही गोष्ट कधी सांगितली नाही, खोटी नाही आणि खरीही नाही. माय विचारायची तेव्हा ते उठून बाहेर जायचे. फाटका शर्ट सगळ्यांना दिसला होता. त्याची गोष्ट ज्याला जमली त्यानं केली. मी दर वेळी सांगायचो की दोन गाड्या तिथून गेल्या. तू पोर होता तवा, म्हणायचे, तुले मावशीचा पुळका.

असू द्या पुळका. ते मैदान आता नाही, पत्र्याची गोदामं आहेत. मुरमाचा रस्ता कुठं होता हे मलाही खात्रीनं दाखवता येणार नाही. शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर विचारतात, सर, नागपुरात कुठं होती हो अशी रेसिंग? होती. पोटापाण्याचं काम करणाऱ्यांनी आठवडाभर स्पॅनर फिरवून रविवारसाठी गाड्या जुळवल्या होत्या, आणि ते पाहायला एक नर्स, एक मुनीम, एक ऑटोवाला आणि मी अंगावर मुरूम घेत उभे होतो. कोणतंही बक्षीस कुणाच्या घरी नीट टिकलं नसेल. म्हणून ते वाया गेलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. शिकलेल्या माणसानं हे आठवणीत ठेवू नये, लोक काय म्हणतील, असा सल्ला मला शिकलेल्या लोकांनीच दिला आहे. शिकलो म्हणूनच ठेवणार आहे.

बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या आठवणीत काटोलच्या विहाराशेजारच्या खोलीत पोरांसाठी अभ्यासिका उघडायचं भावंडांनी ठरवलं. मीही बाकं, दिवे आणि पुस्तकं जमवायला लागलो. उद्घाटनाच्या आधी माझ्या मोठ्या चुलतभावाचा फोन आला. तो कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणार होता आणि तीच गोष्ट सांगणार होता, शर्टासकट. मी म्हणालो, सांगू नको. तो म्हणाला, "काकाच्या नावाचा कार्यक्रम हाय गा. एवढी मोठी गोष्ट त्याच्यातून काढतं काहून?" मावशीला बोलावलं का, विचारलं. तर म्हणे, तिचे गुडघे दुखतात, कुठं येते ती.

मावशीला आता फोनवर ऐकू येत नाही. नातेवाईक म्हणतात, मोटरसायकलींनी कान गेले. ती म्हणते, म्हाताऱ्या बाईचे कान जातातच, गाड्या पाहिल्या असोत का नसोत. तिच्याशी बोलायचं तर समोर जावं लागतं, नाहीतर पत्र लिहावं लागतं. चष्मा लावून ती अजून सगळं वाचते. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला हे पत्र लिहिलं.

मावशी,

जयभीम. तुझ्या गुडघ्यांचं नंतर विचारतो, आधी कालची बातमी.

दादानं गोष्ट सांगितली. जशी सांगतात तशीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, आत्ता जे ऐकलंत ते खरं नाही. तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. वॉर्ड, धुरा, फिजिक्सचा प्रश्न, पडलेलं पोरगं, बाबा खाली धावले ते, तू त्यांना मागं ओढलंस ते, आणि त्या जागेवरून गेलेल्या गाड्या. मी म्हणालो, त्या दिवशी शर्ट फाटला नसता तर ही अभ्यासिका बाबांच्या नावानं फार आधी उघडावी लागली असती, आणि ती उघडायला मी शिकलेला नसतो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा जवळ येऊन हळूच म्हणाला, कार्यक्रम बिघडवून राहिला तू. मी म्हणालो, बिघडू दे.

तेवढ्यात माय उभी राहिली. तुला माहीत आहे, ती चार लोकांत बोलत नाही. म्हणाली, "फाटका शर्ट मीच शिवला होता. शर्टाचं सोडा. त्यांच्या पायजम्यावर गुडघ्यापाशी टायरचा काळा पट्टा होता. लई धुतला, नाही निघाला. मी विचारलं का हे काय, तर म्हणे बसमंधी लागलं. बसचं चाक बसच्या आत असते का? मले तवाच कळाले पाह्यजे होतं." आणि ती खाली बसली. दादानं गप्प चहा वाटायला घेतला.

मावशी, तू त्यांना वाचवलंस हे बाबांना माहीत होतं. त्यांनी का सांगितलं नाही याचा विचार मी रात्रभर केला आणि उत्तर शोधायचं सोडून दिलं. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. पण त्यांच्या गप्प राहण्याचं ओझं तू का उचलावंस, हे मला कुणी पटवून देऊ शकत नाही.

दारावरची पाटी अजून कोरी आहे. मी सांगितलं आहे की लिहायची तर त्यांचं आणि तुझं, दोन्ही नावं लिहा, नाहीतर एकही नको. तू म्हणशील, माझं नाव कशाला गा. तू म्हणशील तेही मी ऐकणार नाही.

माय पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे यायचं म्हणते. मी तिला घेऊन येतो. ती लोणच्याची बरणी आणते आहे. वर्षानुवर्षं बोलली नाही त्याबद्दल तू तिला जे सुनावायचं ते सुनाव, मी मधे बोलणार नाही. फक्त दार उघड.

तुझा
भाचा